नासपतीचा मुरंबा

व्हर्ली स्टिडमने बावीस वर्षं एक राग जपला, आणि तो चांगला मुरू दिला. केंटकीच्या डोंगरात, लॉरेल फोर्कच्या काठावर तिची मॅन्डोलिन बनवायची शेड होती. लोक म्हणत, व्हर्लीला लाकडाचं वेड. वेडबिड काही नव्हतं. डेल्मर नेपियरची एकदा जिरवायची, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

डेल्मर बँजो वाजवायचा आणि बँडही त्याचाच. एकोणीसशे एकोणपन्नास साली एकोणीस वर्षांची व्हर्ली त्याच्याकडे मॅन्डोलिनवर होती. पहिल्यांदा रेडिओवर वाजवायचं होतं त्या सकाळी तालमीत तिचा आवाज बँजोपुढे ऐकूच येईना. हातात वडिलांची मॅन्डोलिन, नासपतीच्या आकाराची, मधोमध लांबट गोल भोक असलेली. सगळ्यांदेखत डेल्मर म्हणाला, "व्हर्ली, ती नासपती घरी ने आणि मुरंबा घाल तिचा!" सगळे खो खो हसले. ती पाच मैल चालत घरी आली.

दुसऱ्या दिवशी तिने सुरीने ती मॅन्डोलिन उघडली. वडिलांची एकुलती एक आठवण, पण तिला चूक शोधायची होती. पुढं कितीतरी मॅन्डोलिनी बनवल्या तेव्हा ती सापडली. बोटं बरोबर होती, भोक चुकलं होतं. गोल भोकातून आवाज गोड येतो, रेंगाळतो आणि बँजोच्या खणखणाटात बुडतो. त्याऐवजी दोन बाजूंना वळणदार चिरा पाडल्या तर आवाज कोरडा येतो, पण शेवटच्या बाकापर्यंत पोचतो. आणि महागड्या मॅन्डोलिनींची, खांद्यावर वळसा कोरलेली ती दिमाखदार घडण? तिचा आवाजाशी काडीचा संबंध नाही. नुसता नखरा.

एकाहत्तरच्या एप्रिलमध्ये एका दुपारी डेल्मर स्वतः शेडच्या दारात उभा राहिला. सोबत त्याची मुलगी, नेड्रा.

"पोरीला मॅन्डोलिन हवीय," तो म्हणाला. "शनिवारी रेडिओवर माझ्यासोबत वाजवणार आहे. पहिलीच वेळ."

"मीही होते तुझ्या बँडमध्ये. आठवतं?"

"होतीस ना! लग्न ठरलं म्हणून सोडलंस, नाही का?"

व्हर्लीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेला विसरलासुद्धा!

भिंतीवर दोन मॅन्डोलिनी होत्या. एक वळशाची, गोल भोकाची. दुसरी साधी, नासपतीच्या आकाराची, पण चिरांची. डेल्मरने वळशाच्या मॅन्डोलिनकडे बोट दाखवलं. "ही दे. बँडला शोभली पाहिजे."

नेड्राने दोन्ही वाजवून पाहिल्या. शांत शेडमध्ये वळशाची मधाळ वाजली. साधी ऐकून डेल्मरने तोंड वाकडं केलं. "हा तर पत्र्याचा डबा झाला."

आता व्हर्लीला फक्त गप्प बसायचं होतं. शनिवारी सगळं खोरं रेडिओला कान लावणार आणि नेपियरच्या पोरीचा एक सूर ऐकू येणार नाही. भर बाजारात नाक कापलं जाणार त्याचं. तिने वळशाची गुंडाळायला कापड काढलं.

"मावशी," नेड्राने हळूच विचारलं, "बाबांच्या बँजोपुढे हिचा आवाज येईल ना?"

"नाही आला तर घरी बसशील!" डेल्मर हसत म्हणाला.

व्हर्लीचा हात थांबला. शनिवारी हसणारा हाच असणार होता आणि पाच मैल चालणार होती ही पोर. तिचा सूड भलत्याच्याच दारी चालला होता.

"डेल्मर, गाडीतून बँजो आण," ती म्हणाली. "शनिवारी वाजवशील तसा वाजव."

त्याने बँजो घेतला आणि शेड दणाणली. नेड्राची वळशाची पार बुडाली. "जोरात वाजव की! हात मोडलेत का?" तो खेकसला. व्हर्लीने पोरीच्या हातातली काढून घेतली, साधी दिली आणि म्हणाली, "सूर नको. नुसता ठोका धर."

ठोका पडला, कोरडा आणि ठाम. तेव्हा एक गोष्ट उघडी पडली. डेल्मरची लय पळत होती. इतकी वर्षं त्याच्यापुढे दुसऱ्या कुणाचा आवाजच टिकला नव्हता, मग कळणार कुणाला? तो ठोक्याच्या पुढे गेला, अडखळला, परत धरू पाहिलं आणि परत पुढे गेला.

"हळू वाजव गं!"

"माझं बरोबर आहे, बाबा. तुम्ही पळताय."

व्हर्ली स्टुलावर बसली आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. एवढा आनंद तिला लग्नातही झाला नव्हता.

"ही नको," डेल्मर लालबुंद होऊन म्हणाला. "ती वळशाचीच दे."

"ती विकायची नाही." व्हर्ली चक्क खोटं बोलली. साधी गुंडाळून तिने नेड्राच्या हातात ठेवली. "दर शनिवारी असाच ठोका धर, बाळ. तो पळाला तरी तू पळू नकोस."

मग फळीवरची एक बरणी काढून तिने डेल्मरला दिली. "आणि हे तुला. नासपतीचा मुरंबा. तूच घालायला सांगितला होतास."

डेल्मरने बरणीकडे पाहिलं, मग पोरीच्या हातातल्या गुंडाळीकडे. त्याने मान खाली घातली. त्याला आठवलं होतं. व्हर्लीला तेवढंच बघायचं होतं.

शनिवारी घेवडा आणि मक्याची भाकरी पुढ्यात घेऊन ती रेडिओजवळ बसली. नेड्राचा ठोका स्वच्छ ऐकू येत होता आणि बँजो मुकाट त्याच्या मागून चालला होता. व्हर्लीने आवाज आणखी वाढवला.