लाल पोतं बाद

माझ्या मावसबहिणीच्या सासऱ्यांचा टेबलाच्या पायांवर जितका अविश्वास आहे, तितका मी कुणाचा हाडवैऱ्यावरही पाहिलेला नाही. जयपूरच्या वैशाली नगरातल्या कुठल्याही हॉटेलात त्यांना जेवायला न्या, ते मेनूकार्डाच्या आधी पाण्याचा ग्लास मागवतात, काठोकाठ भरून टेबलाच्या मधोमध ठेवतात आणि मान वाकडी करून त्या पाण्याकडे एकटक बघत बसतात. मग कागदी रुमालाची घडी होते, ती कुठल्यातरी पायाखाली जाते, आणि त्यानंतरच दालबाटीचा विचार सुरू होतो. आमच्या घरच्या सत्यनारायणाला गुरुजींनी संकल्पासाठी पळी उचलली, तेवढ्यात हे चौरंगाखाली हात घालून म्हणाले, "एक मिनिट गुरुजी, देव डुगडुगतोय." आमेरच्या किल्ल्यात सगळे पर्यटक माना वर करून छताचे आरसे बघत होते, तेव्हा हे एका खांबाच्या बुडाशी उकिडवे बसून दगडाचा सांधा नखाने चाचपत होते. नातीला लाज वाटायला लागली. ती जयपुरातच वाढलेली. म्हणाली, "आजोबा, मतलब हा खांब पडणार आहे का?" आजोबा म्हणाले, "नाही गं बाळा. तो का पडत नाही, ते बघतोय."

मूळचे ते सांगलीचे. उभी हयात साखर कारखान्यांत मोठमोठी यंत्रं बसवण्यात गेली. निवृत्तीनंतर बँकेतल्या मुलाच्या बदलीबरोबर इथे आले. त्यांच्या कापडी पिशवीत एक पाणसळ, म्हणजे सपाटी तपासायची बुडबुड्याची पट्टी, कायम असते. इतर म्हाताऱ्यांच्या पिशवीत गोळ्या असतात, तशी. मी त्यांना काका म्हणतो, मला ते 'पाहुणे' म्हणतात. माझी त्यांची ओळख होऊन सहा वर्षं झाली, माझ्या मुलाच्या मुंजीत त्यांनी मांडव सरळ करून घेतला, तरी मी पाहुणाच.

मी इथल्या एका प्रयोगशाळेच्या खरेदी विभागात आहे. मागच्या उन्हाळ्यात आमच्याकडे दुर्बिणीचे आरसे घासून गुळगुळीत करणारं एक अजस्र यंत्र येऊन पडलं. एका रविवारी ताईकडे, म्हणजे त्याच मावसबहिणीकडे, चहा पिताना मी सहज बोलून गेलो, की काँक्रीटचा ओटा तयार आहे, त्यावर यंत्राची लोखंडी बैठक बोल्टांवर तोलून धरायची आणि मधल्या दोन बोटांच्या फटीत ग्राउट, म्हणजे सिमेंटचा पातळ मसाला ओतायचा, बस, एवढंच काम उरलंय.

"एवढंच?" काकांनी कप खाली ठेवला. "अहो पाहुणे, सगळं वजन त्या दोन बोटांवर येणार. एका जागी जरी मसाला बैठकीला टेकला नाही, तर लोखंड तिथे केसभर वाकेल. साखर केसभर वाकडी झाली तर चहात विरघळते. आरशाचं काय करणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या गेटवर हजर. डायरेक्टर मॅडमनी "देख लेने दीजिए, अनुभवी आदमी हैं" म्हणून परवानगी दिली, आणि आमच्या शांत प्रयोगशाळेत काकांची वेगळीच प्रयोगशाळा सुरू झाली. ठेकेदाराची साधी वाळू-सिमेंट त्यांनी बघताक्षणीच बाद केली. ती सुकताना आक्रसते. उरली तयार ग्राउटची दोन पोती, एक लाल, एक पांढरं. काकांचं मन लालवर. कारखान्यात त्यांनी आयुष्यभर तेच वापरलेलं. तरी परीक्षा दोघांचीही झाली. कालवलेला मसाला नरसाळ्यातून फरशीवर सोडायचा आणि किती लांब पसरतो ते भाकरीसारखं आडवं-उभं मोजायचं. काचेची नळी काठोकाठ भरून ठेवायची आणि सुकल्यावर पातळी खाली जाते का ते बघायचं. लोखंडी साच्यात ठोकळे पाडून, पाण्यात ठेवून, मग फोडून त्यांची ताकद बघायची. चौमूंहून आलेला आमचा मिस्त्री हे सगळं तोंडात बोट घालून बघायचा. एकदा न राहवून म्हणाला, "बाबूजी, इतना तो लोग रिश्ता करते वक्त लड़का नहीं देखते."

"इसीलिए तो बाद में रोते हैं," काका म्हणाले.

मे महिन्याचं ऊन असं, की मसाला नरसाळ्याच्या तोंडातच घट्ट व्हायला लागला. काकांनी शास्त्री नगरातून बर्फाची लादी आणवली आणि गार पाण्यात कालवायला सुरुवात केली. तरी लाल पोतं हवं तसं वाहीना, म्हणून त्यांनी त्यात दोन मग पाणी जास्त घातलं. तेव्हा मात्र ते दुधासारखं पळालं. काका खूश झाले.

शेवटची चाचणी त्यांच्या स्वतःच्या डोक्यातून निघाली. लोखंडाखाली काय चाललंय ते दिसत नाही, म्हणून त्यांनी बैठकीच्या जागी जाड काच लावायचं ठरवलं. काच आली ती ताईच्या दिवाणखान्यातल्या टीपॉयची. ताई माहेरी गेलेली होती, एवढंच मी सांगतो. काचेला खालून तेल चोळलं, ती चाचणीसाठी बांधलेल्या लहान ओट्यावर दोन बोटं उंच बसवली आणि काकांनी मिस्त्रीला बजावलं, "एक ही तरफ से डालो. दोनों तरफ से डालोगे तो हवा बीच में फँसेगी. उसको जाने का रास्ता दो." लाल मसाला काचेखालून संथ सरकत पलीकडच्या काठाला आला. मधे एक बुडबुडा नाही. मिस्त्रीने टाळ्या वाजवल्या. मॅडमनी विचारलं, "तो कल असली काम?" कारण यंत्र जुळवणारे परदेशी इंजिनियर आठ दिवसांत येणार होते. काका म्हणाले, "कल काँच उठाएँगे, फिर."

दुसऱ्या दिवशी काच उचलली. कडेकडेने मसाला छान काचेला टेकलेला होता, पण मध्यभागी परातीएवढा भाग खडूसारखा भुसभुशीत होऊन खाली बसलेला. जास्तीचं पाणी वर येऊन उडून गेलं होतं आणि मागे पोकळी ठेवून गेलं होतं. काकांनी तिच्यात बोटं फिरवली. बराच वेळ फिरवली.

"लाल पोतं बाद," ते म्हणाले.

मी म्हटलं, "मॅडमना मी सांगतो काका. उन्हाचं कारण आहेच."

"का? पोतं तुम्ही निवडलं होतं का?" आणि ते तसेच सिमेंटच्या हातांनी मॅडमच्या खोलीत गेले. मी मागे. "मैडम, गलती मेरी है," ते म्हणाले. "मुझे चार दिन और चाहिए."

मॅडम चिडल्या. भरलेला मसाला पक्का व्हायलाच उरलेला आठवडा लागणार होता, वरचे चार दिवस नव्हतेच. म्हणाल्या, "और अगर ऐसे ही बिठा दें तो?"

"मशीन चलेगी. अच्छी चलेगी. फिर एक दिन आरसा बिगड़ेगा, और आप लोग मशीन को गाली देंगे." घाईत आरशाचं हिंदी त्यांना सुचलंच नाही. मॅडमना ते कळलं, आणि हसूही आलं. चार दिवस मिळाले.

मग पांढरं पोतं. ते आखडूपणे हळू चालायचं, पण मोजलेल्या पाण्यातच चालायचं. काकांनी पोती आदल्या दिवसापासून सावलीत ठेवली, ओटा ओल्या गोणपाटाने गार केला आणि उजाडता उजाडता काचेखाली ओतून घेतलं. दुसऱ्या दिवशी काच उचलली, तर खाली मसाला काचेइतकाच गुळगुळीत. मिस्त्रीने त्यात स्वतःचा चेहरा शोधून बघितला. त्याच पद्धतीने खरी बैठक भरली. पुढे काका लहान हातोडीने बोटाबोटावर ठोकत, लोखंडाला कान लावून, डॉक्टर छाती तपासतो तसे सगळ्या बैठकीवरून फिरले. दुसऱ्या टोकाला मिस्त्रीही कान लावून बसला होता. "ठोस है बाबूजी," तो म्हणाला. काकांनी मान हलवली आणि पुन्हा पहिल्यापासून ठोकायला लागले.

यंत्र आता छान चालतं. पण ताईच्या टीपॉयची काच धुऊन जागेवर ठेवताना ती डुगडुगली, तेव्हा काकांनी तिच्याखाली कागदाची घडीसुद्धा घातली नाही. एकदा मला म्हणाले, "कारखान्यात आम्ही पण पाणी वाढवायचो हो. मसाला वाहायला पाहिजे म्हणून. काच लावून कधी बघितलं नाही." आणि दिवाळीनंतर, मुलगा नको नको म्हणत असताना, एकटेच सांगलीला गेले.

आठवड्याने त्यांचा फोन आला. त्यांनी बसवलेलं सगळ्यात मोठं यंत्र कारखान्याने अलीकडेच भंगारात काढलं होतं. बैठक उचलून नेलेली, ओटा उघडा पडलेला. आपण भरलेला मसाला वरून कसा दिसतो, हे त्यांनी जन्मात पहिल्यांदा बघितलं.

"कसा होता?" मी विचारलं.

"अर्धा पोकळ."

पलीकडे वारा वाहत असावा. फोनमध्ये नुसता घोंगाट येत होता.

"बावीस वर्षं चाललं, पाहुणे," ते म्हणाले. आवाजात खंत होती, पण त्याहून जास्त नवल होतं. "बावीस वर्षं. एकदा कुरकुरलं नाही. मी आज सकाळपासून इथे बसलोय. कशावर उभं होतं हो ते?"