दोन रेघांमधली भिंत

टेलरताईला दार लावून आंघोळ करायची होती. एवढंच.

ती आमच्या गल्लीच्या टोकाला राहते. तळमजल्यावरच्या खोल्या, पुढच्या खोलीत शिलाई मशीन. अपघातानंतर ती चाकाच्या खुर्चीत आली. मग पायाने दाबायचं मशीन गेलं आणि कोपराने दाबायचं बटण असलेलं आलं. "पूर्वी त्याला माझे पाय लागायचे," ती गिऱ्हाइकांना सांगते. "आता दोघंही बिनपायाचे. छान जमतं आमचं." गिऱ्हाइकांना हसावं की नाही ते कळत नाही. ती मात्र हसते.

मी तिच्याकडे कोटाच्या बाह्या आखूड करून घ्यायला गेले होते. मैत्रीण होऊन परत आले. ती माझ्याहून बरीच मोठी. मी साहित्य शिकलेय हे कळल्यावर तिने मला 'पुस्तकी' करून टाकलं.

आंघोळ तिला आई घालायची. बाथरूमच्या दारात उंबरा होता, खुर्ची तिथेच अडायची. आई तिच्या काखेत हात घालून तिला उचलायची आणि स्टुलावर बसवायची. खुर्ची दारात, म्हणून दार उघडं. एक दिवस आईचा खांदा दुखावला. हात गळ्यात आला. यापुढे वजन उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं.

शेजारच्या इमारतीतून तिचे दादा-वहिनी आले. मी तिथेच होते.

"आंघोळीला एखादी बाई लावू," दादा म्हणाला.

"बाई नको. मला दार लावता आलं पाहिजे."

"अगं, घरात सगळी आपलीच माणसं."

"मग तू करत जा ना, दार उघडं टाकून."

वहिनीला हसू आवरेना. दादा पाणी प्यायला उठला. मी मात्र गार झाले. अपघातानंतर तिने काय काय गमावलं याची यादी आम्ही सगळ्यांनी आपापल्या मनात केली होती. त्यात दार कुणीच धरलं नव्हतं.

बाथरूम तिच्या सोयीचं करून घ्यायचं ठरलं आणि मिस्त्री आला. बाथरूम एवढंसं. आत वळलं की कोपर भिंतीला लागायचं.

"खुर्ची आत गेली तर ताई बाहेर राहतील," टेप गुंडाळत तो म्हणाला.

"तुम्ही खोलीचं माप घेताय. माझं घ्या. कपडा अंगावर बेततात, कपाटावर नाही."

"बरं. मग भिंतीला कॉलर ठेवू का?"

"ठेवा. पण मानेला टोचायला नको."

त्यानंतर दोघांचं जमलं. ताईने कापडाचे खाके काढायचा तपकिरी कागद जमिनीवर पसरला. त्यावर खुर्ची नेली, मला गुडघ्यांवर बसवलं आणि खडूने भोवती रेघ मारायला लावली. मग त्या रेघेच्या बाहेर, जराशा अंतरावर, दुसरी रेघ. तो कागद बाथरूमच्या फरशीवर अंथरून ती तासन्‌तास सरकवत बसायची. हात धुवायचं बेसिन बाहेरच्या खोलीत गेलं. उंबरा फुटला. आत उघडणारं दार जाऊन सरकतं दार ठरलं, आतून कडी असलेलं. भिंतीवर घडी होणारी बैठक, बाजूला आधाराची दांडी. खुर्ची बैठकीला लावायची आणि दांडी धरून सरकायचं. नळ बसल्याजागी हाताशी. शॉवर नळीचा, हातात धरता येणारा. बैठक आणि कमोड यांच्यामध्ये कंबरेइतकी भिंत, म्हणजे पाणी तिकडे उडणार नाही.

उताराने मात्र छळलं. पाणी जाळीकडे जायला हवं, पण खुर्ची जायला नको. पहिली फरशी बसली तेव्हा ताई आत गेली आणि तिने चाकांवरचे हात काढले. खुर्ची आपली आपण जाळीकडे निघाली.

"उतार पाण्याला हवाय हो, मला नको!"

मिस्त्रीने फरशी उचलून पुन्हा बसवली. त्याच दुपारी गावाहून मावशीचा फोन आला. दुखण्याला काही उतार पडला का, तिने हळव्या आवाजात विचारलं.

"पडलाय ना मावशी," ताई म्हणाली. "भिंतीकडे. दाराकडे अजून पडायचाय."

मावशीने आईला फोन द्यायला सांगितलं.

मधली भिंत झाली त्या दिवशी आम्ही सगळे जमलो. ताई आत निघाली. खुर्ची नेमकी शिरली. आणि थांबली. चाक फिरवायला गेली तर बोटांची पेरं भिंतीवर घासली. खुर्ची मावत होती, ती ढकलणारे हात मावत नव्हते.

"रेघेवरच बांधलीय," मिस्त्री म्हणाला. त्याने कागद आणून दाखवला. "ह्या दोन रेघा, मध्ये भिंत."

ताईने कागदावर बोट ठेवलं.

"आतली रेघ शिलाईची," ती सावकाश म्हणाली. "बाहेरची कापायची. मधला दाब असतो, मोकळा सोडलेला. ती जागा माझ्या हातांची होती."

"आमच्यात दोन रेघा म्हणजे भिंत."

कुणाचीच चूक नव्हती. ताई तरी म्हणाली, "चूक माझी. सांगायला हवं होतं." तिच्या पेरांवर रक्त आलं होतं. दादा हळूच म्हणाला, की मग बाईचं बघू या. गळ्यातला हात सावरत आई म्हणाली, "कशाला बाई? मी आहे ना."

ताईने आईच्या त्या हाताकडे पाहिलं. मग मिस्त्रीकडे.

"उसवा."

"काय?"

"भिंत. उसवा."

"ताई, भिंत आहे ती. झगा नाही."

"ओली आहे तोवर निघेल ना? मग उसवा."

मिस्त्री पुटपुटत दाराबाहेर गेला. रुसला असं वाटलं. परत आला तो छिन्नी-हातोडा घेऊन. पहिला घाव घालण्याआधी त्याने तिला विचारलं, "टाके कुठून सोडू?"

भिंतीच्या जागी पडदा आला. ताईने तो छत्रीच्या कापडाचा शिवला. अंगाला चिकटू नये म्हणून खालच्या दुमडीत लोखंडी चकत्या घातल्या.

पहिल्या आंघोळीला ती सकाळी आत गेली. दार सरकलं. कडी लागली. आम्ही बाहेर बसलो, वाट बघण्यासारखं काही नसताना. पाणी सुरू झालं. मग काहीतरी आपटलं आणि पाणी थांबलं.

आई ताडकन उठली. "काय झालं गं?"

"साबण पडला."

"येऊ का?"

"नको."

आतून काहीच ऐकू येईना. मग दांडी करकरली. दादा पुढे झाला, दारावर थाप मारायला. आईने बरा हात आडवा घातला.

"बस खाली," ती म्हणाली. "तिची आंघोळ चाललीय."