‘टू’च्या मागे कोण उभे राहणार?

वामन मास्तर इंग्रजी वाक्य फळ्यावर लिहीत नसत, ते मुलांचे उभे करत. एक मुलगा ‘आय’, एक ‘गेव्ह’, एक ‘ए बुक’, एक ‘टू’ आणि शेवटचा ‘हिम’. मास्तर मराठीतून वाक्य सांगत आणि आम्ही धावत जाऊन इंग्रजीच्या क्रमाने रांग लावत असू. मी ‘गेव्ह’ होतो.

मास्तर शिकवत चांगले. हे मुद्दाम लिहितो, कारण हिशेब दोन्ही बाजूंनी मांडावा. आमच्या तापीकाठच्या गावात घरोघरी अहिराणी. शाळेतली मराठीसुद्धा आम्हांला अर्धी परकीच, मग इंग्रजीचे काय? पण मास्तर म्हणत, “मराठीतला ‘ला’ नामाच्या पाठीला चिकटतो. इंग्रजीतला ‘टू’ नामाच्या पुढे चालतो. नाम त्याच्या मागे. जागा चुकली की वाक्य मेले!” हे म्हणताना ते टेबलावर छडी आपटत. रांगेत उभे राहिल्यावर हे आम्हांला एका दिवसात कळले.

‘टू’ होता यासीन, रंगाऱ्याचा मुलगा, मनगटापर्यंत निळा. ‘हिम’ होता गुलाब, नथ्थू पाटलांचा. पाटील शाळेच्या कमिटीचे मुख्य, आणि मास्तर आठ वर्षांपासून हंगामी. दर उन्हाळ्यात त्यांची नोकरी संपे आणि पाटलांच्या ओट्यावर बसून ती परत मागावी लागे. मास्तरांना कायम व्हायचे होते. दुसरे काहीही त्यांना नको होते, इंग्रजीसुद्धा.

एकदा बैल पाण्यावरून आणताना पाटील शाळेच्या दारात थांबले. आत वाक्य उभे होते.

“मास्तर, मन्हा पोऱ्या रंगारीना पोऱ्याना मांगे कसाले उभा शे?”

“इंग्रजीची रीत आहे, पाटील.”

“इंग्रजीनी ऱ्हाई. गाव कोनं शे?” पाटील हसले आणि निघून गेले.

हसण्यावर सोडून देता आले असते. पण मास्तरांचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी त्यांनी गुलाबला उचलून रांगेच्या तोंडाशी नेले. यासीनमागची जागा रिकामी झाली, म्हणून त्याला सरकवत शेवटी भिंतीला तोंड करून उभे केले. वाक्य झाले, ‘हिम आय गेव्ह ए बुक टू’. मास्तर म्हणाले, “आपल्याकडे ‘त्याला मी पुस्तक दिले’ चालतेच की. मोठ्या माणसांत इंग्रजीतही चालते.” वर्गाने ते सुरात म्हटले. वर्षभर म्हटले. ‘अॅट’, ‘फ्रॉम’, ‘विथ’, सगळी शब्दयोगी मंडळी भिंतीकडे गेली आणि गुलाब कायमचा पुढे आला. एका माणसाच्या नोकरीसाठी तीस मुलांचे इंग्रजी उलटे झाले.

मग धुळ्याहून दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे साहेब, आले. मास्तरांना कायम करायचे की नाही, हे त्यांचा शेरा पाहून कमिटी ठरवणार होती. पाटील कोट घालून खुर्चीत बसले. दिपोटींनी सोपेच वाक्य दिले, “मी त्याला पुस्तक दिले.” आम्ही पळालो. गुलाब सर्वांत पुढे, यासीन भिंतीशी.

दिपोटींनी चष्मा काढला. “मास्तर, हे कुठले इंग्रजी?”

मास्तरांनी एकदा पाटलांकडे पाहिले आणि यासीनच्या कानाखाली वाजवली. “गाढवा, जागा का सोडलीस?”

यासीन रडला नाही. “तुम्हीच तर इथे उभा केला, मास्तर. वर्ष झालं.”

दिपोटींनी “तुझ्या मागे कोण असतो?” असे विचारले, तेव्हा यासीनने गुलाबकडे बोट केले. गुलाबने बापाकडे पाहिले आणि तो जागेवरच राहिला. दिपोटींनी मास्तरांवर शेरा लिहिला, ‘इंग्रजीस अयोग्य’.

आठवड्याने कमिटी बसली. माझे वडील तिच्यात होते, त्यांनी घरी येऊन सांगितले. शेरा वाचून झाला. पाटलांनी तंबाखू मळत म्हटले, “साहेबना समोर बी मन्हा पोऱ्याले मांगे जाऊ दिन्हं नही. आसा मास्तर आपले परत कोठे भेटी? करा कायम.”

मास्तर कायम झाले. त्यांनी गावात पेढे वाटले. रंगाऱ्याच्या घरीही पाठवले आणि पुडा घेऊन मलाच जावे लागले. यासीन शाळा सोडून बापाबरोबर कढईत कापड ढवळत होता. त्याच्या बापाने पुडा उघडला नाही.

“मास्तरले सांगजो,” तो म्हणाला, “पोऱ्या कामवर शे.”

मास्तर पुढे पुष्कळ वर्षे शिकवून, पेन्शन घेऊन वारले. शोकसभेला गुलाब पाटील अध्यक्ष होते. मला बोलावणे आले होते. मी गेलो नाही.