तेलाचा एकही डाग नसलेली वही

मंडळी, सकाळपासून डोकं भणभणतंय, म्हणून इथे लिहितेय.

माझ्या दादाने एक जुनं चार सीटचं विमान घेतलंय. स्वतःच उडवतो. त्याच्या देखभालीसाठी वर्कशॉप ठरवायचं होतं, म्हणून आज मलाही इंदिरानगरहून सोबत घेऊन गेला.

वर्कशॉपचे मालक भारीच गोड बोलणारे. "सर, बिनधास्त सोडून जा विमान." ते किती जुनं, आधी काय बिघडलं होतं, एक प्रश्न नाही! वर नमुना म्हणून दुसऱ्या विमानाच्या दुरुस्तीची वही दाखवली.

दादा खूश. मी पानं उलटत राहिले. तीन वर्षांच्या नोंदी, पण पेन एकच, अक्षराचा कल एकच, कुठे खाडाखोड नाही.

"ही वही कुठे असते?" मी विचारलं.

"इथेच, कामाच्या टेबलावर."

टेबलावर ग्रीसचे थर आणि वहीत बोटाचा एकही काळा ठसा नाही?

गाडीत मी म्हटलं, "दादा, ही एका बैठकीत उतरवलेली वही आहे." तो हसला. "तू इथेही जर्नल तपासायला बसलीस!"

तेच तर. मी ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. प्रयोग न करता उतरवलेलं जर्नल मला लांबून ओळखू येतं. आणि ओळखूनही मी दरवर्षी सही करत राहिले.

दादा सोमवारी विमान तिथेच नेणार म्हणतोय. तुम्ही नेऊ दिलं असतं? आणि माझ्या सहीवर पास झालेली ती मुलं आज कशाकशावर सह्या करत असतील?