जावेची सल्लागार

आमच्या घरात शाळेचा विषय निघाला की सगळे माझ्याकडे बघायचे. जयनगरातल्या एका शाळेत मी बरीच वर्षं गणित शिकवते. नणंदेच्या मुलाला कुठे घालायचं, शेजारच्या काकूंच्या नातवाला स्टेट बोर्ड बरं की सीबीएसई, हे मला विचारून ठरायचं. निपाणीहून लग्न होऊन मी बेंगळुरूच्या या जुन्या मराठी घरात आले, तेव्हा इथल्या स्वयंपाकापासून बोलण्यापर्यंत सगळं मला शिकावं लागलं. शाळांच्या बाबतीत मात्र घराने पहिल्यापासून माझा शब्द मानला.

म्हणून त्या रविवारी जेवताना धाकटी जाऊ अगदी सहज म्हणाली, "अक्का, आम्ही एका एज्युकेशन कन्सल्टंटकडे जाऊन आलो. लेकीची शाळा ठरली," तेव्हा आमटी वाढणारा माझा हात थांबला.

जाऊ पुण्याची. ती आणि दीर दोघंही आयटीत, राहायला व्हाइटफील्डला. तिची मुलगी आणि माझी मुलगी एकाच वयाच्या, दोघी सहावीत जाणार होत्या, आणि माझ्या मुलीसाठीही मी नवी शाळा शोधत होते.

"कन्सल्टंट म्हणजे काय करते ती?" सासूबाईंनी विचारलं.

"मुलीशी बोलते, आई. तिला काय आवडतं, कशाची भीती वाटते, सगळं समजून घेते. मग शाळा सुचवते."

शाळा येलहंकाच्या पुढे होती. आवारात तळं, मोठमोठी झाडं, मुलांना मातीकामाचं चाक, परीक्षांचा बाऊ नाही. जाऊ सांगत होती आणि सासूबाईंचा चेहरा फुलत होता. "छान केलंस हो," त्या म्हणाल्या. "जाणत्या माणसाला विचारून केलंस."

जाणत्या माणसाला! मी तिथेच बसले होते. मला त्या तळ्याचा हेवा वाटला, जावेचा वाटला, आणि न पाहिलेल्या त्या बाईचा तर सगळ्यात जास्त.

मीही तिच्याकडे जाणार म्हटल्यावर नवरा हसला. "अगं, तू स्वतः टीचर. तुला कशाला हवी सल्लागार?"

"तिला चालते, मग मला का नको?"

जावेकडे नंबर मागायला जीभ रेटेना. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या आईकडून तो मिळवला.

बाईंचं ऑफिस म्हणजे त्यांच्या घराचीच पुढची खोली. कुठल्याशा शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून त्या निवृत्त झालेल्या. मी शिक्षिका आहे हे आधी सांगून टाकलं. त्या इंग्रजीत म्हणाल्या, "शिक्षक आले की मला धास्तीच वाटते. ते माझी परीक्षा घेतात."

"शाळा मी ठरवली आहे," मी म्हटलं आणि येलहंकाच्या शाळेचं नाव घेतलं.

"मग माझ्याकडे कशाला आलात?"

मी मुलीचं प्रगतिपुस्तक पुढे केलं. त्यांनी ते उघडलंही नाही. माझ्या मुलीला घेऊन त्या मागच्या अंगणात गेल्या. खिडकीतून मला दोघी दिसत होत्या. घरी एका शब्दात उत्तर देणारी माझी पोर हातवारे करून कन्नडमध्ये भडाभडा बोलत होती. मध्येच बाई खळखळून हसल्या. मी समोरचं मासिक उघडलं, पण एक ओळही वाचली नाही.

परत आल्यावर त्यांनी तिला अंगणातल्या मांजराशी खेळायला पाठवलं. "ती शाळा हिला घेईल, असं मला वाटतं," त्या म्हणाल्या. "पण हिची एकच अट आहे. जिथे हिची चुलत बहीण नसेल, अशी कुठलीही शाळा चालेल."

"भांडल्या असतील दोघी."

"नाही. बहीण तिला आवडते. कारण तुम्ही तिलाच विचारा."

ऑटोत बसल्यावर मी विचारलं. ती बाहेरच बघत म्हणाली, "ती असली की तू तिच्याकडेच बघत असतेस."

"काहीतरीच काय!"

"तिचे मार्क तू बाबांना सांगतेस. तिच्या चित्राचा फोटो तुझ्या मोबाइलमध्ये आहे. माझं नाटक होतं ना, तेव्हापण तू काकूला विचारत होतीस, तिला तिच्या शाळेत कुठला रोल मिळाला म्हणून. तुला तीच जास्त आवडते."

मला वाटायचं, माझा हेवा माझ्यापुरता आहे, कुणाला दिसत नाही. पोरीला तो दिसला होता, आणि तिने त्याला प्रेम समजलं होतं. मी तिला जवळ ओढलं. ती आली, पण अंग चोरूनच.

शेवटी बाईंनी सुचवलेल्या दोन शाळांपैकी बनशंकरीतली एक तिने स्वतः निवडली. तिथे नाटकाचा तास होता. हीच शाळा मी आजवर कितीतरी पालकांना "काही खास नाही" म्हणत टाळायला सांगितली होती.

जावेला कळलं तसा तिचा फोन आला. "अक्का, तुम्हीपण त्यांच्याकडे गेलात? मला सांगायचं तरी!"

"तू तरी मला कुठे विचारलंस?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"विचारणार होते. पण आमच्या फ्लॅटजवळची शाळा मी पहिल्यांदा सुचवली तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर हसलात. मग धीर झाला नाही."

मला ते आठवतसुद्धा नव्हतं. "सरी, ठीक आहे, असू दे," मी अर्धं कन्नडमध्ये, अर्धं मराठीत म्हटलं. तिच्यावरचा राग उतरला. हेवा मात्र गेला, असं खोटं कशाला सांगू? फॅमिली ग्रुपवर तळ्याकाठचा फोटो आला की मी अजूनही तो मोठा करून बघते. हल्ली तेव्हा मुलगी खोलीत नाही ना, एवढं आधी पाहते.

शाळा सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी त्या सल्लागार बाईंचा फोन आला. मुलीला द्या म्हणाल्या. ती फोन घेऊन बाल्कनीत गेली. मी कोशिंबिरीसाठी काकडी चिरत होते. बाहेरून तिचं हसू ऐकू येत होतं, मध्येच कुणाची तरी नक्कल, पुन्हा हसू.

"काय म्हणाल्या?" ती आत आल्यावर मी विचारलं.

"काही नाही, असंच."

"असंच म्हणजे?"

"स्वल्प गप्पा," म्हणत तिने काकडीची एक फोड उचलली आणि खोलीत गेली. बाईंना फोन करून विचारावं, असं फार मनात आलं. विचारलं नाही.