कपाशीच्या कळ्या आणि सुनेचा इंग्रजीचा पेपर

बायांनो, आज दुपारी आमच्या सुनेनं, रेखानं, इंग्रजीचं पुस्तक फेकून दिलं. उद्या तिचा दहावीच्या फेरपरीक्षेचा पेपर. लग्नाआधी नापास झाल्ती, आता परत बसून राह्यली.

"काम कसं केलं ते सांगणारे शब्द डोक्यात राहत न्हाईत, आत्याबाई. मी न्हाई जात पेपरला."

मी चौथी शिकलेली, मला काय कळतंय! म्हणलं, "रडू नको. चल वावरात, कळ्या वाट बघून राह्यल्या."

आमचा कपाशीच्या बियाण्याचा प्लॉट हाय. दुपारी कळी सोलून आतले केसर काढायचे, म्हंजी सकाळी दुसऱ्या जातीचा पराग लावता येतो. नख जोरात लागलं की कळी गेली. रेखाचा हात बराबर चालतो.

मी विचारलं, "आता कशी सोलली कळी?"

"हळूच."

"इंग्रजीत सांग की!"

"जेंटली."

"बियाणं कंपनीचा सुपरवायझर आला की हात कसा चालतो?"

"क्विकली!"

"अन् माझा पोरगा जेवतो कसा?"

"नॉइजिली, आत्याबाई!" शेजारच्या बाया पोट धरून हसल्या.

"अन् मी कशी बोलती गं?"

ती खाली बघत म्हणली, "लाउडली." मंग हळूच म्हणली, "पण उद्या तुम्ही शाळेच्या गेटापर्यंत या. तुम्ही असल्या की भ्या वाटत न्हाई."

म्हणजे जाणार म्हणायची!

उद्या गेटावर दोन शब्द मायेनं बोलावं म्हणते, पण मला वरडायचीच सवय. तुम्ही सुनेला काय म्हणता गं अशा वेळी? जल्दी सांगा, सकाळीच एसटी हाय.