सरळ करून ठेवलेल्या सळया

जर्मनीत याच मशीनवर एकच माणूस असतो, हे मी बोईसरच्या एमआयडीसीत इतक्या वेळा ऐकलंय, की न पाहिलेल्या त्या माणसाचा मला राग येतो. त्याच्या हातात सळई सरळ येते. आमचा मालक स्वस्तातली वाकडी घेतो. ती ठोकून सरळ करायला माझ्या लेथवर एक हेल्पर होता, डोंगरातल्या पाड्यावरचा, माझ्याहून वयाने मोठा. सळईचा बाक तो नुसत्या नजरेने ओळखायचा.

गेल्या वर्षी मुंबईहून एक साहेब स्टॉपवॉच घेऊन येणार होता. जर्मनीतल्या आणि इकडच्या कामाची तुलना करायला. पाहुणे यायचे म्हटलं की आपण घर झाडतो, फाटक्या गोधड्या आत कोंबतो. मीही तेच केलं. आदल्या दिवशी सुट्टी होती, तरी हेल्परला बोलावलं आणि दोघांनी मिळून सगळ्या सळया सरळ करून रचल्या. मिरवायची खाज माझी.

"मंग उद्या मी काय करू?" त्याने विचारलं.

"काय नाय. उभं रायचं. बघू दे त्यांना, आपण पन कमी नाय."

दुसऱ्या दिवशी मशीन एकदाही थांबलं नाही. साहेब खूश, मालक खूश. मग हेल्परकडे बोट दाखवून साहेबाने मला विचारलं, "ये आदमी क्या करता है?" खरं सांगितलं असतं, तर कालची सगळी सारवासारव मालकासमोर उघडी पडली असती. "मदत करता है," मी पुटपुटलो. त्याने कागदावर काहीतरी लिहिलं.

त्याच महिन्यात हेल्परला काढलं. रचलेल्या सळया संपल्या. मग मीच ठोकायचो, मीच मशीन चालवायचो, आणि माल निम्म्यावर आला. आपल्याकडचा कामगार मुळातच कामचुकार, असं मालक साहेबाला फोनवर सांगताना मी ऐकलं. ते दोघे नालायक होतेच, पण त्यांच्या हातात कोलीत मी दिलं होतं.

पुढे बोईसरच्या बाजारात हेल्पर भेटला. काम शोधत होता. जरा वेळाने हळूच म्हणाला, "दादा, त्या दिवशी माझाच काय चुकला काय?"

"जरा हातपाय हलवायचे होते तुमी," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. पटलं होतं त्याला.